पुण्यात राहून स्कीची जोडी घेताना

गुलमर्गला किंवा औलीला चौदा दिवसांचा कोर्स करून आलेला पुणेकर घरी पोचेपर्यंत एका निर्णयाला आलेला असतो: आता स्वतःची स्की घ्यायची. निर्णय चांगलाच आहे. पण लगेच इंटरनेटवर कंपन्या, रंग, लांबी बघायला सुरुवात होते आणि खरेदीचा क्रम तिथेच उलटा होतो. माझं आग्रहाचं सांगणं असं, की आधी बूट घ्या. मग निदान एक सीझन वेगवेगळ्या रुंदीच्या स्की भाड्याने घेऊन चालवून पाहा. आपण वर्षानुवर्षं कोणत्या बर्फावर जाणार आहोत हे नक्की झालं, की मगच जोडी घ्या.

म्युनिकमध्ये किंवा कोलोरॅडोत राहणाऱ्यांसाठी लिहिलेला सल्ला आपल्याला जसाच्या तसा उचलता येत नाही. आपल्याकडे बर्फ दोन हजार किलोमीटर लांब. स्कीची दुरुस्ती करणारं दुकान कोपऱ्यावर नाही. आणि सामान वर्षातले अकरा महिने घरात पडून राहणार, त्यातले चार पावसाळ्याचे. या तिन्ही गोष्टींनी काय घ्यावं आणि काय टाळावं हे बरंच बदलतं.

मुळात घ्यावी का?

युरोपात नवी, सर्वसाधारण चांगली जोडी बाइंडिंगसह (बूट स्कीला जोडणाऱ्या खटक्यासह) साधारण ४०० ते ८०० युरोंना पडते. त्यावर बूट, बॅग, विमानात न्यायचे पैसे, आणि मागवली तर कस्टम्स. समोरच्या रकान्यात गुलमर्गचं रोजचं भाडं लिहा आणि वर्षातल्या तुमच्या दिवसांनी गुणा. वर्षाला एकच आठवडा जाणार असाल तर पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतात, तोवर जोडी जुनी झालेली असते. अशा माणसाने बूट तेवढे स्वतःचे घ्यावेत आणि स्की भाड्याने, आणि यात काही कमीपणा नाही. वर्षाला दोन आठवड्यांहून जास्त जाणार असाल, उतार बऱ्यापैकी आत्मविश्वासाने उतरत असाल, आणि रोज सकाळी भाड्याच्या दुकानात वेगळीच जोडी हातात पडते याचा कंटाळा आला असेल, तर घ्या.

आणखी एक गोष्ट हिशोबात धरायला हवी, ती म्हणजे बर्फाचा भरवसा. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलांमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सर्वांत कडक थंडीच्या चाळीस दिवसांत, गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. बर्फाचा थर पातळ असला की खालचे दगड वर येतात, आणि एकाच फेरीत स्कीच्या तळाला खोल चीर पडू शकते. त्यामुळे स्वतःची जोडी असली तरी थर पातळ असलेल्या दिवसांत भाड्याचीच वापरायची, ही तयारी ठेवा.

आधी बूट

स्की वळते ती बुटातून. नडगीचा दाब बुटाच्या कवचातून बाइंडिंगला आणि तिथून स्कीच्या धारेला, म्हणजे तळाच्या कडेच्या पोलादी पट्टीला, पोचतो. बुटात टाच अर्धा सेंटिमीटर जरी वर उचलली जात असेल, तरी कितीही महाग स्की तुमचं ऐकणार नाही. भाड्याच्या बुटांचं आतलं अस्तर कित्येक पायांनी दाबून सैल झालेलं असतं. सैल लागतो म्हणून माणूस बकल आवळतो, मग पावलाची वरची बाजू दुखते, बोटं बधिर होतात, आणि ‘आपल्याला थंडीच सोसत नाही’ असा भलताच निष्कर्ष निघतो. कित्येकांचं स्कीइंग तिथेच थांबतं. म्हणून बुटांवर खर्च करताना हात आखडू नका. काटकसर करायचीच तर ती स्कीवर करा.

माप घरीच घ्या, संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर. फरशीवर कागद भिंतीला भिडवून ठेवा, टाच भिंतीला लावा, त्या पायावर पूर्ण भार द्या आणि सर्वांत पुढे आलेल्या बोटाशी खूण करा. दोन्ही पावलं मोजा, कारण ती क्वचितच सारखी असतात. स्कीच्या बुटांचा नंबर म्हणजे हीच सेंटिमीटरमधली लांबी. या पद्धतीला माँडोपॉइंट म्हणतात. २६.४ आलं तर २६.५ नंबर. रोजच्या बुटांच्या नंबरावरून कोष्टक लावत बसू नका, त्यात हमखास एक नंबर मोठा येतो. बहुतेक कंपन्यांमध्ये २६ आणि २६.५ यांचं बाहेरचं कवच एकच असतं, फक्त आतला भाग वेगळा.

दुकानात गेल्यावर पहिली चाचणी कवचाची. आतलं अस्तर काढून ठेवायला सांगा, रिकाम्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. दीड ते दोन सेंटिमीटर ठीक. तीन उरत असतील तर तो बूट मोठा आहे, मग अस्तरासकट तो कितीही गुबगुबीत वाटो. नंतर अस्तर घालून उभे राहा. बोटं पुढे टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की बोटं जराशी मागे सरकली पाहिजेत आणि टाच आपल्या जागी घट्ट बसली पाहिजे. पहिल्यांदा हा बूट लहानच वाटतो. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना हे विशेष जड जातं, कारण तिथे उतरताना बोटं आपटू नयेत म्हणून आपण मुद्दाम अर्धा नंबर मोठा घेतो. तो नियम इथे चालत नाही. मोज्यांचंही तसंच: एकच, पातळ ते मध्यम जाडीचा, लोकरीचा आणि गुडघ्यापर्यंत येणारा. दोन मोजे घातले की आत घड्या पडतात, रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट जास्त गार पडतो.

रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात, २६.५ नंबरासाठी साधारण ९७ पासून १०४ पर्यंत. आयुष्यभर चपला वापरलेल्या पायांचा पंजा बऱ्याचदा पसरट असतो, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना १०० ते १०२ च्या आसपासचा बूट बरा बसतो. फार रुंद मात्र नको, कारण अस्तर वापराने दबतंच. एखाद्या ठिकाणी हाडावर टोचत असेल तर तेवढाच भाग तापवून बाहेर काढता येतो. ते काम बूट बसवून देणारा कारागीर करतो, आणि तो जिथे असेल तिथेच बूट घ्यावा. तळव्याची कमान सपाट असेल तर पुण्यातच पाय तपासून इनसोल करून घ्या आणि बूट बघायला जाताना तो बरोबर न्या.

कडकपणाचा आकडा ६० पासून १३० पर्यंत असतो, त्याला फ्लेक्स म्हणतात. नवख्या पुरुषाला ७० ते ९०, स्त्रीला ६० ते ८०, पुढे सराव आणि वजन वाढेल तसा जास्त. एका कंपनीचा ९० दुसऱ्या कंपनीच्या ९० शी जुळेलच असं नाही. शिवाय प्लॅस्टिक थंडीत आणखी कडक होतं. पुण्यात ३० अंशांच्या हॉलमध्ये मऊ वाटणारा बूट गुलमर्गवरच्या अफरवट डोंगराच्या उतारावर उणे दहाला लाकडासारखा लागतो, म्हणून दोन आकड्यांत मन अडकलं तर कमी आकड्याचा घ्या.

हे सगळं वाचून लक्षात आलंच असेल, की भाच्याला सांगून स्की मागवता येतात, बूट नाही. कंपनीच्या कामासाठी श्टुटगार्ट, म्युनिक, डेट्रॉइट अशा वाऱ्या करणारी माणसं आपल्या पुण्यात कमी नाहीत. तशी संधी आली तर दुकानासाठी अर्धा दिवस वेगळा काढा, जो बूट आवडेल तो पायात घालून अर्धा तास तिथेच फिरा, आणि मगच पैसे द्या. घेताना दोन गोष्टी लिहून घ्या. एक, टाचेजवळ कोरलेली तळाची लांबी, उदाहरणार्थ ३०५ मिलिमीटर. दोन, तळ कोणत्या प्रकारचा: साधा अल्पाइन म्हणजे आयएसओ ५३५५, चालायला सोपा ग्रिपवॉक म्हणजे आयएसओ २३२२३, की टूरिंगचा, म्हणजे स्कीवरून डोंगर चढायचा, आयएसओ ९५२३. बाइंडिंग घेताना याच दोन गोष्टी लागणार आहेत.

तुमचा बर्फ कोणता?

स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, समजा १२८-८४-११२. पहिला टोकाची रुंदी, मधला कंबरेची, शेवटचा शेपटाकडची, सगळे मिलिमीटरमध्ये. निवड मुख्यतः मधल्या आकड्यावर होते. ७० ते ८० ची कंबर रोलर फिरवून दाबलेल्या, टणक उतारावर चांगली चालते: एका धारेवरून दुसऱ्या धारेवर पटकन जाते, शिकायला सोपी. ९५ च्या पुढची भुसभुशीत ताज्या बर्फात तरंगते, पण टणक उतारावर धारेवर चढवायला जास्त जोर लागतो आणि गुडघे बोलायला लागतात. ८० ते ९५ मधली दोन्हीकडे निभावते.

आता आपल्याकडच्या जागा बघू. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. खालच्या मैदानावर छोट्या लिफ्ट आणि सौम्य उतार आहेत, कोर्स तिथेच होतात. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत नेतो, आणि २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा सुमारे ३,९५० मीटरवर, अफरवटच्या खांद्यापर्यंत. जगभरचे लोक गुलमर्गला येतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी. पण वरचा जवळजवळ सगळा डोंगर रोलर न फिरवलेला, नैसर्गिक आहे. म्हणजे एकाच गावात दोन वेगळे बर्फ आहेत. पहिल्या कोर्सनंतर खालच्या मैदानाच्या आठवणीवर ७४ ची जोडी घेतली, तर दोन वर्षांनी वर जाल तेव्हा ती गुडघाभर बर्फात रुतेल. आणि परदेशी लोकांच्या पायात बघून पहिल्याच वर्षी ११२ ची घेतली, तर खालच्या मैदानावर वळणं शिकताना दमछाक होईल.

माझा कौल: गुलमर्गला पुन्हा पुन्हा जाणार असाल आणि दुसरा टप्पा खुणावत असेल तर ९२ ते १०० मधली एक जोडी. मुख्यतः दाबलेल्या उतारावरच राहणार असाल, औलीला किंवा पुढेमागे युरोपात, तर ७८ ते ८६. औलीचा बेत करताना आधी रोपवेची चौकशी करा. जोशीमठ खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तो बंद झाला होता. मनालीजवळच्या सोलांगमध्ये शिकणाऱ्यांनी या वादात पडूच नये. तिथे कोर्सबरोबर मिळतं त्यावर शिकावं.

एक गंभीर गोष्ट इथेच सांगायला हवी. रुंद स्की घेतली म्हणून दुसऱ्या टप्प्यावरून हद्दीबाहेर उतरायचा परवाना मिळत नाही. अफरवटवर हिमस्खलनात माणसं गेली आहेत, अगदी फेब्रुवारी २०२४ मध्येसुद्धा. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली अडकलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं यांसाठी पैसे बाजूला ठेवल्याशिवाय आणि ते वापरायचं शिकल्याशिवाय, शिवाय गाइड आणि स्की पेट्रोलचा, म्हणजे डोंगरावरच्या सुरक्षा पथकाचा, त्या दिवसाचा इशारा यांच्याशिवाय तिकडे जाऊ नका. बजेट यामुळे वाढत असेल तर स्की जुनी घ्या, पण हे तिन्ही घ्याच.

लांबी आणि आकार

उंचीवरून लांबी काढायचा जुना ठोकताळा असा: शिकाऊ माणसाला हनुवटी ते नाकापर्यंत, सराव झालेल्याला कपाळापर्यंत किंवा डोक्याएवढी. १७० सेंटिमीटर उंचीचा, साधारण ६८ किलोचा माणूस घेतला, तर शिकताना १५२ ते १५८, नंतर १६२ ते १६८, आणि गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फासाठी रुंद स्की असेल तर १७० ते १७६. वजन उंचीच्या मानाने जास्त असेल तर वरचा आकडा, कमी असेल तर खालचा. स्कीला फक्त वजन कळतं, उंची नाही.

दोन्ही स्की तळाला तळ लावून धरल्या की मध्ये फट दिसते. या कमानीला कॅम्बर म्हणतात. तुमच्या वजनाने ती सपाट होते आणि धार सगळ्या लांबीभर टेकते, म्हणून टणक बर्फावर पकड मिळते. टोकाकडे स्की लवकरच वर उचललेली असेल तर तो रॉकर. ताज्या बर्फात टोक बुडत नाही आणि वळण सुरू करणं सोपं जातं, पण बर्फाला टेकणारी लांबी कमी होते. म्हणून रॉकर असलेली स्की पाच-दहा सेंटिमीटर लांब घेतली तरी चालते. पुण्याहून जाऊन एकाच जोडीवर सगळं भागवायचं असेल तर टोकाला रॉकर आणि पायाखाली कॅम्बर हीच रचना सोयीची. टोकापासून शेपटापर्यंत सगळी रॉकर असलेली स्की आपल्या कामाची नाही.

वळणाची त्रिज्याही स्कीवर मीटरमध्ये छापलेली असते. ११ ते १४ म्हणजे छोटी, झटपट वळणं. १८ च्या पुढे म्हणजे मोठी आणि वेगाची. १४ ते १७ मध्ये राहा.

आतल्या सामानाबद्दल विक्रेते फार बोलतात. लाकडाचा गाभा असावा एवढं बघा. फोमचा गाभा हलका आणि स्वस्त, पण लवकर मरगळतो. टायटॅनल म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे. ते असले की स्की वेगात थरथरत नाही, पण जड होते आणि चालवणाऱ्याकडून ताकद मागते. पहिल्या जोडीत ते नसले तरी काही बिघडत नाही. तळ सिंटर्ड (प्लॅस्टिकची भुकटी दाबून केलेला) असेल तर वॅक्स, म्हणजे इस्त्रीने वितळवून लावायचं मेण, छान मुरतं, पण वेळोवेळी वॅक्स करावंच लागतं. एक्स्ट्रुडेड (प्लॅस्टिक वितळवून केलेला) तळ थोडा संथ, पण दुर्लक्ष सोसतो. घरी इस्त्री घेऊन बसायची हौस नसेल तर दुसरा घ्या.

बाइंडिंग: इथे घाई नको

पडल्यावर बूट स्कीपासून सुटतो तो बाइंडिंगमुळे. पुढचा भाग पिळ बसला की बाजूला सोडतो, मागचा भाग टाच वर खेचली गेली की. किती जोराला सोडायचं तो आकडा, ज्याला सगळे डिन म्हणतात, आयएसओ ११०८८ च्या कोष्टकावरून काढतात: वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही सावध, मध्यम की आक्रमक पद्धतीने उतरता. मध्यम वजनाच्या नवख्या प्रौढाचा आकडा साधारण ४ ते ६ येतो, आणि पन्नाशीच्या पुढे कोष्टकच तो एक पायरी खाली आणतं. म्हणून ३ ते १० किंवा त्याच्या आसपासच्या पल्ल्याचं बाइंडिंग पुरेसं आहे. ६ ते १६ चं ‘मजबूत’ बाइंडिंग स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. तुमचा आकडा त्याच्या खिडकीत बहुधा दिसणारच नाही, आणि जिथे सुटायला हवं तिथे ते सुटणार नाही. त्याची किंमत गुडघ्याचा अस्थिबंध मोजतो.

बाइंडिंगचे प्रकार दोन. एकात स्कीला भोकं पाडून ते कायमचं बसवतात. दुसऱ्यात स्कीवर आधीच पट्टी असते आणि बाइंडिंग तिच्यावर पुढेमागे सरकवून बुटाच्या लांबीला लावता येतं. पुण्यात राहणाऱ्याने डोळे झाकून दुसरा प्रकार घ्यावा. उद्या बूट बदलले, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी ती जोडी नेली, तर पुन्हा भोकं पाडायची वेळ येत नाही. स्वतंत्र बाइंडिंग घेणार असाल तर ते स्की घेतल्या त्याच दुकानातून, तुमच्या बुटाची मिलिमीटरमधली लांबी सांगून, बसवून घ्या. इथल्या सुताराकडून ते काम मुळीच करून घेऊ नका. भोकाचा व्यास आणि खोली स्कीवर छापलेली असते, खोली साधारण ९ मिलिमीटर. त्याहून जास्त खोल गेलं की ड्रिल तळातून बाहेर येऊ शकतं. आणि जागा ठरवायला साचा लागतो, डोळ्यांनी ती ठरत नाही.

ब्रेकची रुंदी बघायला लोक विसरतात. स्कीच्या कंबरेएवढी किंवा फार तर १५ मिलिमीटरने जास्त असावी. कमी असेल तर ब्रेक खाली उतरणारच नाहीत आणि सुटलेली स्की दरीत जाईल.

कुठून घ्यायची

पुण्यातल्या खेळाच्या मोठ्या दुकानांत बर्फातले कपडे, हातमोजे, गॉगल मिळतात. ते इथेच घ्या, निवांत घालून बघून. स्की मात्र बाहेरूनच येणार. नातेवाइकांकरवी आणायची तर मार्च-एप्रिल हा काळ पकडा. युरोप-अमेरिकेतला सीझन संपत आलेला असतो, दुकानं चालू वर्षाचं मॉडेल उतरवतात, आणि भाड्याने देणारी दुकानं आपला ताफा विकायला काढतात. मागच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये बहुतेक वेळा फक्त रंग वेगळा असतो. कुरिअरने मागवण्याआधी कस्टम्सचा आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्या, नाहीतर स्वस्त जोडी दाराशी येईपर्यंत महाग होते.

जुनी जोडी गुलमर्गमध्येही मिळते. सीझनच्या शेवटी परतणारे पाहुणे जड सामान परत नेण्यापेक्षा तिथेच विकून जातात, स्थानिक गाइड आणि दुकानदारांना याची खबर असते. जुनी बघताना उजेडात न्या आणि घाई करू नका. तळाला तळ लावून धरा: मधली फट अजिबात उरली नसेल आणि ती कॅम्बरची स्की असेल, तर ती थकलेली आहे. दोन्ही स्कीवर सारखी फट दिसली पाहिजे. टोक आणि शेपूट यांच्या कडा अंगठ्याने दाबून, नाण्याने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर थर सुटायला लागलेत, आणि त्या फटीतून पाणी गेलं की गाभा कुजतो. धारेवरून नख फिरवा. छोटे ओरखडे चालतात, तुटलेली किंवा बाहेर आलेली धार चालत नाही. नवी धार साधारण २ मिलिमीटर जाड असते. घासून घासून १ च्या खाली गेलेली असेल तर आणखी धार लावायला जागाच उरलेली नाही. तळावरचे उथळ ओरखडे भरता येतात. पण चिरेतून आतलं लाकूड किंवा पांढरं फायबर दिसत असेल, तेही धारेला लागून, तर परत ठेवून द्या. शेवटी बाइंडिंगखालची जुनी भोकं मोजा. एकदा बसवलेलं ठीक, दोनदा काढून बसवलेलं असेल तर किंमत खूपच कमी हवी, तीनदा असेल तर नकोच.

आणि बाइंडिंग फार जुनं असेल, तर कंपनीने त्याची हमी काढून घेतलेली असते आणि चांगला तंत्रज्ञ ते तपासायलाही नकार देतो. स्की फुकट मिळाली तरी अशा वेळी बाइंडिंगचा नवा खर्च धरून किंमत ठरवा.

काठ्यांबद्दल एवढंच: काठी उलटी करून चकतीच्या खाली धरा, कोपर काटकोनात आलं की लांबी बरोबर. हेल्मेट ईएन १०७७ चा शिक्का असलेलं, स्वतःच्या डोक्यावर घालून बघून, नवंच.

पुणे ते टंगमर्ग

बाइंडिंगसह जोडी ५ ते ७ किलोंची, बूट आणखी साधारण ४ किलो. बहुतेक देशांतर्गत तिकिटांवर चेक-इन सामान १५ किलोच असतं, म्हणून स्कीच्या लांब बॅगेत रिकाम्या जागी जॅकेट आणि पँट गुंडाळून भरा. कपडेही जातात आणि धारांना कवचही मिळतं. लांब सामानाचे नियम आणि पैसे प्रत्येक विमान कंपनीचे वेगळे, तिकीट काढण्याआधीच विचारा. पुण्याहून दिल्लीमार्गे जाताना विमान बदलत असेल तर दोन्ही टप्प्यांचे विचारा. बूट जमतील तर हातातल्या बॅगेत घ्या. स्की हरवली तर दुसरी भाड्याने मिळेल, तुमच्या पायाचा बूट मिळणार नाही. लोहगावला जाताना छोट्या कॅबमध्ये १७० ची बॅग पुढची सीट पूर्ण मागे पाडल्याशिवाय बसत नाही, तेव्हा गाडी जरा मोठी मागवा. श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. जोरात बर्फ पडत असेल तर गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्ग गावाच्या पुढे चाकांना साखळ्या किंवा फोर-बाय-फोर गाडीच लागते, आणि गाडीच्या टपावर बॅग बांधताना तिच्यावर दुसरं जड सामान ठेवू देऊ नका.

पावसाळ्याआधीची कामं

परत आल्यावर जोडी बॅगेतच ठेवून विसरून जाणं हा तिला मारायचा सर्वांत सोपा मार्ग आहे. धार पोलादाची असते. ओल्या बॅगेत आठवड्याभरात नारिंगी गंज धरतो आणि जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तो खोल जातो. वरवरचा गंज बारीक खरड-रबराने निघतो, खड्डे पडले की धार कायमची गेली.

आल्या दिवशी सगळं बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा, पंख्याखाली दोन दिवस ठेवा. मग उन्हाळा संपायच्या आत तळावर वॅक्सचा जाड थर द्या. घरातली वाफेची इस्त्री नको, तिच्या भोकांत वॅक्स जातं. जुनी, सपाट तळाची साधी इस्त्री यासाठी वेगळी ठेवा. वॅक्स वितळेल पण धूर येणार नाही इतपतच गरम, आणि इस्त्री एका जागी थांबू द्यायची नाही, नाहीतर तळ जळतो. वॅक्स धारांवरूनही ओघळू द्या आणि खरवडू नका, तसंच राहू द्या. सर्व तापमानांना चालणारी वॅक्सची एक वडी आणि धारेचा कोन धरणारं छोटं साधन बाहेरून मागवावं लागतं. बाकी बारीक कानस, पकडी बोहरी आळीत मिळतात, आणि नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून पाच मिलिमीटर जाड ॲक्रिलिकचा सरळ कडेचा तुकडा घेतला की वॅक्स खरवडायचं साधन झालं.

जोडी सुती चादरीत गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नाही. गच्चीच्या स्लॅबखालचा माळा एप्रिल-मेमध्ये फार तापतो आणि बाल्कनीत पाऊस येतो; आतल्या खोलीत कपाटामागे उभी किंवा पलंगाखाली आडवी ठेवा. मधोमध पट्टा घट्ट आवळू नका, कॅम्बर दबतो. बुटांचं अस्तर बाहेर काढून पूर्ण वाळवा, परत घाला, बकल सैलसर लावा म्हणजे कवचाचा आकार राहतो, आणि आत वर्तमानपत्राचे बोळे व सिलिका जेलच्या पुड्या टाका. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा काढून बुरशी धरली नाही ना ते बघा.

डिसेंबरमध्ये निघण्याआधी वॅक्स खरवडून तळ चकचकीत करा. गुलमर्गला पोचल्यावर पहिल्या फेरीआधी चांगल्या दुकानात बाइंडिंग तपासून घ्या: दोन्ही स्कीवर पुढचा आणि मागचा, असे चारही आकडे तुमच्या कोष्टकातल्या आकड्याशी जुळतात का, आणि बूट घातल्यावर मागच्या भागाचा दाब खुणेच्या मध्ये येतो का. वर्षभरात वजन पाच-सात किलोंनी बदललं असेल किंवा बूट नवे असतील, तर आकडा पुन्हा काढायला सांगा आणि तो बदलेपर्यंत लिफ्टच्या रांगेत उभे राहू नका.